सूक्ष्मगोल भिंग

सूक्ष्मगोल भिंग म्हणजे काही मायक्रोमीटरपासून सुमारे शंभर मायक्रोमीटरपर्यंत व्यास असलेला पारदर्शक गोल होय. तो नमुन्याच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवला आणि वरून साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तर एरवी एकमेकांत मिसळलेले तपशील सुटे दिसू लागतात. हा गोल सूक्ष्मदर्शकातील नेहमीच्या वस्तुभिंगाची जागा घेत नाही. नमुना आणि वस्तुभिंग यांच्यामध्ये बसवलेले ते एक साहाय्यक भिंग असते. सिलिका, पॉलिस्टायरीन आणि बेरियम टायटॅनेट काच या पदार्थांचे गोल त्यासाठी प्रामुख्याने वापरले जातात. या पद्धतीचा पाया असलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पेशींचे घटक आणि विषाणू यांच्या निरीक्षणासाठी तिचा अभ्यास होत आहे. मात्र तिने नेमकी किती विभेदनक्षमता मिळते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

विभेदनक्षमता आणि तिची मर्यादा

सूक्ष्मदर्शकाचे विशालन आणि त्याची विभेदनक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रतिमा किती पट मोठी झाली हे विशालन सांगते, तर जवळजवळचे दोन बिंदू किमान किती अंतरावर असताना वेगळे ओळखता येतात हे विभेदनक्षमता सांगते. अस्पष्ट छायाचित्र कितीही मोठे केले तरी त्यात नवा तपशील येत नाही, केवळ अस्पष्टता मोठी होते. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच आहे.

ही मर्यादा भिंगाच्या घडणीतील दोषांमुळे येत नाही, तर प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे येते. नमुन्यातील बारीक रचनेवरून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते. रचना जितकी बारीक, तितका प्रकाश अधिक तिरपा फाकतो. अतितिरपे किरण वस्तुभिंगाच्या कडेबाहेरून निघून गेले की त्यांच्यासोबत त्या रचनेची माहितीही जाते. जर्मनीतील येना येथील भौतिकीविज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये हे तत्त्व मांडले. त्यानुसार विभेदनाची किमान मर्यादा अशी काढतात :

किमान अंतर = प्रकाशाची तरंगलांबी ÷ (२ × न्यूमरिकल ॲपर्चर)

न्यूमरिकल ॲपर्चर ही संख्या वस्तुभिंग किती रुंद कोनातील किरण गोळा करते आणि नमुना व भिंग यांच्यामध्ये कोणते माध्यम आहे, यांवर ठरते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर ०.९ न्यूमरिकल ॲपर्चर असलेल्या, म्हणजे हवेतून पाहणाऱ्या भिंगाची मर्यादा सुमारे ३०६ नॅनोमीटर येते. तेलाचा थेंब मध्ये घालून वापरायच्या १.४ न्यूमरिकल ॲपर्चरच्या भिंगाची मर्यादा सुमारे १९६ नॅनोमीटर येते. जिवाणू साधारणतः एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे एक-दोन हजार नॅनोमीटर लांबीचे असल्याने ते सहज दिसतात. बहुतेक विषाणू मात्र या मर्यादेपेक्षा लहान असतात.

दिसणे आणि सुटे दिसणे

एखादी वस्तू दिसणे आणि तिची रचना सुटी दिसणे यांत फरक आहे. आकाशातील तारा डोळ्यांना दिसतो, पण त्यावरून त्याचा आकार कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही असेच घडते. कोकणातील एका परिचित रोगाच्या उदाहरणावरून हा फरक नीट कळतो.

लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर, गुरे आदी प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून पसरतो. त्वचेवरील चिरा व जखमांतून त्याचे जंतू शरीरात शिरतात. रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या अलोरे, पोफळी यांसारख्या गावांपासून खाडीकाठापर्यंत पावसाळ्यात भाताची लावणी होते. अशा भातखाचरांत अनवाणी उभे राहून तासन्‌तास काम करणाऱ्यांना या रोगाचा धोका अधिक असतो. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा जिवाणू ६ ते २० मायक्रोमीटर लांब असला, तरी त्याची जाडी अवघी ०.१ मायक्रोमीटर, म्हणजे १०० नॅनोमीटर असते. जाडीच्या दिशेने तो ॲबे-मर्यादेच्या आत पडतो.

त्यामुळे साध्या उजळ पार्श्वभूमीवर तो दिसत नाही. डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकात नमुन्यावर प्रकाश बाजूने पाडतात आणि पार्श्वभूमी काळी ठेवतात. त्यात हा जिवाणू वळवळणाऱ्या चकाकत्या दोऱ्यासारखा दिसतो. पण तो आहे एवढेच तेथे कळते. दोऱ्याची खरी जाडी किंवा त्याच्या आवरणाखालील कशाभिका त्यात सुट्या होत नाहीत. रक्तातील प्रथिनांचे बारीक धागेही तसेच चकाकत असल्याने पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. म्हणून या रोगाचे निदान केवळ सूक्ष्मदर्शकावर न सोडता रक्तातील प्रतिपिंडांच्या व जनुकीय चाचण्यांवर अवलंबून ठेवले जाते. चकाकते ते सारे सुटे दिसतेच असे नाही, हा धडा पुढे सूक्ष्मगोल भिंगांच्या मूल्यमापनातही महत्त्वाचा ठरला.

पूर्वपीठिका

लहान गोल भिंगांचा उपयोग सूक्ष्मदर्शनाच्या आरंभापासून होत आला आहे. काच तापवून तिचा बारीक धागा ओढायचा आणि धाग्याचे टोक ज्योतीत धरून त्याचा मणी करायचा, ही रीत इंग्लंडमधील रॉबर्ट हुक यांनी १६६५ मधील ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी एकाच बारीक भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव पाहिले. उपलब्ध असलेल्या त्यांच्या सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत प्रभावी सूक्ष्मदर्शकाचे विशालन सुमारे २६६ पट आहे. भिंगाचा गोल जितका लहान, तितके त्याचे विशालन अधिक हे त्यामागील सूत्र होते.

कागदाच्या घडीतून तयार होणारा ‘फोल्डस्कोप’ याच परंपरेतील आहे. भारतीय वंशाचे संशोधक मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तो विकसित केला आणि २०१४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातही मण्यासारखे गोल भिंग वापरता येते. मात्र लेव्हेनहूक यांचे भिंग असो की फोल्डस्कोपचे, ते एकटेच संपूर्ण सूक्ष्मदर्शकाचे काम करते आणि ॲबे-मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबते. सूक्ष्मगोल भिंगाचे कार्य याहून वेगळे आहे.

अलीकडील संशोधनाकडे नेणारे दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. स्टॅनफर्ड येथील मॅन्सफील्ड व किनो यांनी १९९० मध्ये नमुन्याला टेकवून ठेवायचे अर्धगोलाकार घन भिंग वापरले. पुढे २००४ मध्ये चेन, टॅफ्लोव्ह आणि बॅकमन यांनी संगणकीय गणिताने दाखवले की, प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठ्या व्यासाच्या पारदर्शक दंडगोलावर प्रकाश पडला, तर त्याच्या सावलीच्या बाजूला अतिशय अरुंद व तीव्र प्रकाशझोत तयार होतो. त्याला फोटॉनिक नॅनोजेट असे नाव मिळाले.

झेंगबो वांग, लिन ली, बोरिस लुक्यांचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २ ते ९ मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकागोल नमुन्यावर पसरले आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात निरीक्षण केले. ५० नॅनोमीटर आकाराचे तपशील पाहता आल्याचे आणि गोलांमुळे आठ पटींपर्यंत जादा विशालन मिळाल्याचे त्यांनी नोंदवले.

कार्यतत्त्व

सूक्ष्मगोल भिंगाच्या कार्याचे तीन भाग पडतात. त्यांपैकी पहिले दोन निर्विवाद आहेत. तिसऱ्याचा वाटा किती, हा चर्चेचा विषय आहे.

आभासी प्रतिमा : छापील कागदावर काचपट्टी ठेवून तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर थेंबाखालील अक्षरे मोठी व सुलटी दिसतात. वस्तू भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत असल्यामुळे तिची मोठी, सुलटी व आभासी प्रतिमा मिळते. सूक्ष्मगोलही हेच करतो. गोलाचा अपवर्तनांक भोवतालच्या माध्यमाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर त्याची नाभी गोलाच्या बाहेर पडते आणि गोलाला टेकलेली वस्तू नाभीय अंतराच्या आत राहते. गोल आणि माध्यम यांच्या अपवर्तनांकांचे गुणोत्तर ‘न’ मानले, तर किरण प्रकाशिकीनुसार टेकलेल्या वस्तूचे विशालन न ÷ (२ − न) इतके येते. हवेत ठेवलेल्या सिलिकागोलासाठी हे गुणोत्तर सुमारे १.४६ असल्याने विशालन सुमारे २.७ पट होते. काही मायक्रोमीटरच्या गोलांबाबत प्रकाशाचे तरंगस्वरूप प्रभावी ठरते, म्हणून प्रत्यक्ष आकडे याहून वेगळे येतात. आभासी प्रतिमा नमुन्याच्या पातळीखाली तयार होत असल्याने निरीक्षकाला सूक्ष्मदर्शकाची नाभी नमुन्यापेक्षा थोडी खाली न्यावी लागते.

अपवर्तनांकाचा लाभ : काचेत प्रकाशाची तरंगलांबी अपवर्तनांकाच्या पटीत आखूड होते. बेरियम टायटॅनेट काचेचा अपवर्तनांक सुमारे १.९ असतो. तिच्यात ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सुमारे २९० नॅनोमीटर तरंगलांबीने जातो. नमुना गोलाला अगदी टेकलेला असेल आणि गोलाने जवळजवळ सर्व दिशांचे किरण गोळा केले, तर विभेदनाची मर्यादा ५५० ÷ (२ × १.९), म्हणजे सुमारे १४५ नॅनोमीटरपर्यंत उतरू शकते. येथे ॲबे यांचा नियम मोडला जात नाही. नियमातील न्यूमरिकल ॲपर्चर तेवढे वाढते. तेलाच्या थेंबाने जे साधते तेच अधिक अपवर्तनांकाच्या काचेने अधिक प्रमाणात साधते.

निकटक्षेत्रातील तरंग : नमुन्यातील सर्वांत बारीक तपशिलांची माहिती अशा तरंगांत असते, जे दूर प्रवास करत नाहीत. त्यांना इव्हॅनेसंट तरंग म्हणतात. पृष्ठभागापासून तरंगलांबीच्या काही अंशाइतक्या अंतरातच ते क्षीण होऊन जातात. त्यामुळे दूरच्या वस्तुभिंगापर्यंत ते पोहोचतच नाहीत. गोल पृष्ठभागाला टेकवला, तर त्यांपैकी काही तरंग विझण्यापूर्वी गोलात शिरतात आणि प्रवास करणाऱ्या तरंगांत रूपांतरित होतात, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन आहे. गोल आणि नमुना यांच्यातील अंतर वाढले की जादा तपशील झपाट्याने नाहीसे होतात, या निरीक्षणाशी ते जुळते.

वापरण्याची रीत

सर्वांत सोप्या रीतीत गोल द्रवात विरळ मिसळून त्याचा थेंब नमुन्यावर टाकतात आणि द्रव सुकू देतात. गोल जेथे पडेल तेथेच निरीक्षण करता येते, हा या रीतीचा दोष आहे. तो टाळण्यासाठी गोल काचेच्या अतिशय बारीक नळीच्या टोकाला चिकटवून हव्या त्या जागी नेतात, किंवा पारदर्शक लवचीक पापुद्र्यात अनेक गोल बसवून तो पापुद्रा नमुन्यावर पसरतात. गोल सरकवत घेतलेल्या छोट्या प्रतिमा संगणकावर जोडून मोठे चित्रही तयार करता येते.

सजीव नमुन्यांसाठी पाण्यातील निरीक्षण आवश्यक असते. सिलिकाचा अपवर्तनांक पाण्याच्या १.३३ या अपवर्तनांकाच्या जवळ असल्याने सिलिकागोलाची पाण्यातील शक्ती फार कमी होते. म्हणून पाण्यात बेरियम टायटॅनेट काचेचे गोल वापरतात. त्यांचे पाण्याशी गुणोत्तर सुमारे १.४३ येते. म्हणजे सिलिकागोल हवेत जे काम करतो, जवळपास तेच काम हा गोल पाण्यात करतो. या बदलामुळे ही पद्धत पेशींच्या अभ्यासासाठी उपयोगी ठरली.

जीवविज्ञानातील उपयोग

२०१३ मध्ये ली, वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात बुडवलेल्या सूक्ष्मगोलाच्या साहाय्याने ७५ नॅनोमीटर आकाराच्या ॲडिनोव्हायरसांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यासाठी कोणताही फ्लुओरेसन्ट रंजक वापरला नव्हता. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी उंदराच्या यकृतपेशींतील तंतुकणिका, गुणसूत्रे आणि तारककेंद्रे यांच्या रंजित नमुन्यांवर ही पद्धत वापरली.

७५ नॅनोमीटर या आकड्याचे महत्त्व पुण्यातील एका घटनेवरून लक्षात येते. येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. २०२० मध्ये या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातील पहिल्या निश्चित निदान झालेल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यातून कोरोना विषाणूची प्रतिमा मिळवली. तिच्यातील एक चांगला टिकलेला विषाणुकण सुमारे ७५ नॅनोमीटर आकाराचा होता. त्यासाठी पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरावा लागला. अशा उपकरणासाठी निर्वात कक्ष, उच्च विद्युत दाब, विशेष रंजनक्रिया आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते, आणि निर्वातात नमुना जिवंत राहत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत असे उपकरण नसते. तेथे असतो तो प्रकाशीय सूक्ष्मदर्शक. त्याच सूक्ष्मदर्शकाची दृष्टी काचेच्या एका कणाने वाढवता आली, तर जिवंत पेशी न मारता व न रंगवता अधिक बारकाईने पाहता येईल, ही या संशोधनामागील आशा आहे.

विभेदनक्षमता वाढवण्याच्या इतरही प्रकाशीय पद्धती आहेत. फ्लुओरेसन्ट रेणूंचा चमकणे-विझणे हा गुणधर्म वापरणाऱ्या पद्धतींसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतून कितीतरी सूक्ष्म विभेदन मिळते. मात्र त्यांना विशिष्ट रंजक, लेसर आणि बहुधा दीर्घ संगणकीय प्रक्रिया लागते. सूक्ष्मगोल भिंगाला रंजकाची सक्ती नाही आणि प्रतिमा तत्काळ डोळ्यांना दिसते.

नैसर्गिक सूक्ष्मभिंगे

सूक्ष्मभिंगाचे काम करणारे पदार्थ निसर्गातही आहेत. वेल्समधील बँगोर व इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१६ मध्ये सोनेरी जाळे विणणाऱ्या एका कोळ्याचा रेशीमधागा नमुन्यावर ठेवून त्यातून १०० नॅनोमीटरचे तपशील पाहिल्याचे नोंदवले. धागा दंडगोलाकार असल्याने त्याच्या लांबीच्या दिशेने गोलापेक्षा अधिक मोठे क्षेत्र दिसते. याच प्रकारचे मोठे कोळी पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या जंगलांत आढळतात. त्याच वर्षी सिनेकोसिस्टिस या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवाची सुमारे तीन मायक्रोमीटरची गोल पेशी स्वतःच भिंगासारखे काम करते असे दिसून आले. प्रकाश पेशीच्या विरुद्ध बाजूला एकवटतो आणि त्यावरून पेशी प्रकाशाची दिशा ओळखून त्याकडे सरकते.

मर्यादा आणि मतभेद

एका गोलातून दिसणारे क्षेत्र फार लहान असते. लहान गोलांबाबत ते अवघे काही मायक्रोमीटर असते. गोलाच्या कडेकडे प्रतिमा वाकडी होते, त्यामुळे मधला भागच विश्वसनीय मानतात. गोल नमुन्याला टेकलाच पाहिजे, या अटीमुळे पेशीच्या पृष्ठभागालगतचे घटक चांगले दिसतात. खोलवरच्या घटकांना जादा लाभ मिळत नाही. मऊ नमुना गोलाच्या भाराने दबण्याची आणि एकदा वापरलेला गोल दुसरा नमुना दूषित करण्याची शक्यताही असते.

मुख्य मतभेद विभेदनक्षमतेच्या आकड्यांविषयी आहे. या प्रयोगांत ब्ल्यू-रे तबकडी हा नेहमीचा चाचणी-नमुना आहे. तिच्यावरील दोन रेषांमधील फट सुमारे १०० नॅनोमीटर असते आणि ती दिसली म्हणजे १०० नॅनोमीटरचे विभेदन झाले असे काही वेळा म्हटले जाते. पण एका रेषेच्या मध्यापासून पुढच्या रेषेच्या मध्यापर्यंतचे अंतर ३२० नॅनोमीटर असते, आणि ॲबे यांचे सूत्र या पुनरावृत्तीच्या अंतराला लागू होते. वर काढल्याप्रमाणे ०.९ न्यूमरिकल ॲपर्चरच्या साध्या भिंगाची मर्यादाही ३०६ नॅनोमीटर आहे. त्यामुळे केवळ फट दिसणे हा मर्यादा ओलांडल्याचा पुरावा ठरत नाही. त्याचप्रमाणे एकटा विषाणुकण ठिपक्यासारखा दिसला, तर तो आहे हे कळते. मात्र शेजारचे दोन कण तेवढ्याच अंतरावर सुटे दिसतात हे त्यावरून सिद्ध होत नाही. लेप्टोस्पायराच्या चकाकत्या दोऱ्याबाबत जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथेही लागू पडते. म्हणून ठरावीक अंतरावरील बिंदूंच्या जोड्या किंवा ज्ञात आकाराचे नमुने वापरून मोजणी करावी आणि भिन्न प्रयोगशाळांच्या मोजण्या एकाच निकषाने तपासाव्यात, असा आग्रह अनेक संशोधक धरतात.

सूक्ष्मगोल भिंग हे मुख्यतः प्रयोगशाळेतील संशोधनाचे साधन आहे. लेप्टोस्पायरोसिस किंवा विषाणुजन्य रोगांच्या नेहमीच्या निदानात त्याचा वापर होत नाही. अधिक रुंद क्षेत्र, गोलाची अचूक हालचाल आणि मोजणीचा सर्वमान्य निकष या तीन बाबींवर त्याचा पुढील उपयोग अवलंबून आहे.